ड्युशेनच्या ट्रायलसाठी पालकांना तयार करताना या चुका टाळा

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मुख्यतः मुलग्यांना होणारा, स्नायू झिजवणारा जनुकीय आजार. त्यावरच्या नव्या औषधांच्या बऱ्याच चाचण्यांत, म्हणजे ट्रायलमध्ये, चालता-फिरता मुलगाच घेतात. बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांचं चालणं सुटतं. म्हणून पालकांना समजावणाऱ्या डॉक्टरांनी, समुपदेशकांनी आणि आधारगटांनी ट्रायल जाहीर होण्याची वाट बघू नये. फाइल आधीच तयार हवी.

अर्धवट जनुकीय रिपोर्टवर थांबणं

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. ‘सीपीके (स्नायू झिजल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलंय, ड्युशेनच आहे’ एवढ्यावर कुठलीही ट्रायल मुलाला घेत नाही. आधी एमएलपीए करतात, म्हणजे जनुकाचे तुकडे गळाले आहेत का ते बघणारी तपासणी. डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या प्रोटीनच्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, असतात आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांत त्यातले एक किंवा अधिक गळालेले सापडतात. एमएलपीए निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असा अर्थ घरचे काढतात. तसं नसतं, पुढे सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणं, करावं लागतं.

रिपोर्टमधले आकडे नीट वाचा. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचलं जातं. ४५ ते ५० हे एक्सॉन गळाले असतील तर ८७१ अक्षरं कमी होतात. ८७१ला तीनने भाग जात नाही, म्हणून पुढचं सगळं वाचन बिघडतं. औषधाने २३३ अक्षरांचा ५१वा एक्सॉनही वगळला की बेरीज ११०४ होते, तीनने नि:शेष भाग जातो आणि आखूड का होईना, प्रोटीन तयार होऊ शकतं. हा मुलगा एक्सॉन ५१च्या औषधाचा उमेदवार. गळती ४५ ते ५२ असेल तर त्याला ५३चं औषध लागेल, ५१च्या ट्रायलला पाठवून उपयोग नाही. फोनवर ‘डिलीशन आहे’ एवढंच सांगू नका, रिपोर्टची पूर्ण पीडीएफ पाठवा. जाता जाता आईची वाहक तपासणीही उरकून घ्या, पुढच्या गरोदरपणात तिचा उपयोग होतो.

‘मुलगा बरा होईल’ असं सांगणं

झीज मंदावणं हे या औषधांचं उद्दिष्ट आहे. बऱ्याच ट्रायलमध्ये काही मुलांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला हुबेहूब डोस, मिळतो आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. हे आधी सांगितलं नाही तर घरच्यांना मधेच फसवल्यासारखं वाटतं आणि ते येणं बंद करतात. ‘आमच्या पोरावर प्रयोग करणार का?’ या प्रश्नाला आढेवेढे घेऊ नका. हो, प्रयोगच आहे, म्हणून तर त्यावर एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींचं हित जपणाऱ्या समितीची, नजर असते. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार गंभीर त्रास झाला तर संशोधक डॉक्टरांना तो २४ तासांत कळवावा लागतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते.

पैसे घेणाऱ्याला ट्रायल समजणं

स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणारे भेटतात. ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, तिचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सीटीआरआयच्या वेबसाइटवर टाकून बघा, फुकट दिसतं. नोंद असली म्हणजे सरकारने औषधाला पसंती दिली, असं मात्र नाही. भरती सुरू आहे का, केंद्रं कुठली आणि त्या केंद्राच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे तिथेच वाचा.

तपासणीच्या तोंडावर औषध बदलणं

झीज लांबवायला मुलांना स्टेरॉइड देतात. त्याचा डोस बऱ्याच ट्रायलमध्ये किमान तीन महिने, काहींत सहा महिने स्थिर लागतो. वजन वाढतंय म्हणून पालक मनानेच गोळी कमी करतात आणि मुलगा बाद होतो. स्टेरॉइड अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

सहा मिनिटांची चालण्याची चाचणी अनेकदा दोनदा घेतात. दोन आकड्यांत फार फरक पडला तरी नाव कटतं. त्यामुळे रात्रभर एसटीने आणून सकाळी थेट चाचणीला उभं करू नका. आदल्या दिवशी पोहोचा. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मिळणार का, हे संमतीपत्रात बघा. लिहिलेलं नसेल तर सहीच्या आधी विचारा.

सही घाईत उरकणं

संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही झालेली प्रत जवळ ठेवा. सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार घ्यायचा असतो. तो सुईला नाही म्हणत असेल तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. कधीही बाहेर पडता येतं हेही सांगा, पण जीन थेरपी, म्हणजे विषाणूच्या कवचातून शरीरात जनुक पोहोचवणं, एकदा दिली की परत काढता येत नाही. तिच्यानंतर शरीरात त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि तशाच दुसऱ्या थेरपीचं दार बहुधा बंद होतं. कुठल्या ट्रायलमुळे पुढची कुठली हुकेल, हे न्यूरॉलॉजिस्टला आधी विचारा.

मुलगा निवडीत बाद झाल्यावर फाइल मिटवणं

कारण लेखी मागा. डोस स्थिर नव्हता, ताप होता, प्लास्टर होतं, अशा कारणांवर पुन्हा तपासणी होऊ शकते का, ते समन्वयकाला विचारा. म्यूटेशन, म्हणजे जनुकातला बिघाडच जुळत नसेल तर पुढच्या ट्रायलसाठी एक्सॉनचे आकडे, चालण्याची तारीखवार नोंद आणि स्टेरॉइडचा डोस फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर सहा महिन्यांनी ते पान अद्ययावत करा.