डबलबारीच्या सीडी संगणकावर उतरवून घेताना

घरातील सीडींचा संग्रह संगणकावर घ्यायचा ठरला की बहुतेक जण आवडत्या गाण्यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ज्या सीडी पुन्हा कुठेही मिळणार नाहीत, त्या आधी हाती घ्याव्यात. नामवंत गायकांची गाणी आज इंटरनेटवर सहज सापडतात. पण कुडाळ-मालवणकडच्या एखाद्या जत्रेत रंगलेल्या डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांमधल्या सामन्याची, स्थानिक स्टुडिओने मोजक्याच प्रती काढलेली सीडी खराब झाली, तर बुवांचा तो आवाज कायमचा जातो. शिवाय अशा प्रती बहुधा घरगुती रायटरवर लिहिलेल्या असतात. त्यांत ध्वनी रंगद्रव्याच्या थरात साठवलेला असतो आणि कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा तो थर लवकर बिघडतो.

पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेली सीडी गणपतीच्या सुमारास बाहेर काढली की तिच्यावर पांढरट, जाळीदार ठिपके दिसतात. ती बुरशी असते. अशी सीडी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या मऊ, सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसल्यास पडणारा ओरखडा ध्वनीच्या मार्गाला समांतर जातो आणि तो वाचताना ड्राइव्हला फार जड जातो. छापील बाजूला तर त्याहून हलका हात हवा. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असली तरी परावर्तक थर छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. सीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तिथला थर गेला आहे असे समजावे आणि ती सीडी सर्वांत आधी उतरवून घ्यावी.

त्यानंतर सीडीचा प्रकार पाहावा. फाइल एक्सप्लोररमध्ये एमपी३ फाइल दिसत असतील तर ती एमपी३ सीडी आहे. तिच्यातील फाइल थेट फोल्डरमध्ये कॉपी कराव्यात. त्यांचे फ्लॅकमध्ये (ध्वनीचा दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइलचा प्रकार) रूपांतर केल्याने गेलेला दर्जा परत येत नाही, केवळ जागा वाढते. दशावताराच्या किंवा नमनाच्या व्हीसीडीवर डीएटी फाइल असतात आणि त्या व्हीएलसीमध्ये चालतात. खरी ऑडिओ सीडी मात्र रिप करावी लागते, म्हणजे तिच्यावरचा ध्वनी प्रोग्रामने वाचून संगणकावर फाइलच्या रूपात उतरवावा लागतो.

रिप करण्यासाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्राम मी सुचवीन, कारण ते शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहतात. ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि दोन चॅनेल असतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. फ्लॅकमध्ये हा आकार साधारण निम्म्यावर येतो आणि ध्वनीतला एक बिटही गळत नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी आणि मोबाइलसाठी हवी तर तिच्यावरून एमपी३ प्रत काढावी.

प्रत बरोबर उतरली की नाही, हे ताडण्यासाठी अ‍ॅक्युरेटरिप ही सोय इतरांनी रिप केलेल्या त्याच सीडीच्या पडताळणीच्या आकड्यांशी आपले आकडे जुळवून पाहते. गावच्या डबलबारीची सीडी तिथे सापडणार नाही, पण त्यावरून रिप चुकली असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय वापरावा. त्यात प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा समोर येतो. आकडे जुळले तर ती प्रत बहुतांशी विश्वासार्ह समजावी. न जुळल्यास सीडी पुन्हा पुसून, वेग कमी करून आणि शक्य असल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह निमूटपणे वाचतो, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. पावसात वीज केव्हाही जाते, म्हणून हे काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करावे, आणि मध्येच थांबलेला ट्रॅक अर्धवट न ठेवता नव्याने काढावा.

टॅग, म्हणजे फाइलमधली गाणे, कलाकार वगैरेंची नावे, भरण्याचे काम कंटाळवाणे वाटते, परंतु संग्रहाचा उपयोग त्यावरच ठरतो. चित्रपटगीतांची नावे म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्राम बहुतेक वेळा शोधून देतो. भजनांची नावे आपल्यालाच ऐकून लिहावी लागतात. ती देवनागरीतच लिहावीत आणि एका बुवांचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे, अन्यथा लायब्ररीत त्याच बुवांच्या दोन-तीन नोंदी होतात. डबलबारीत बुवा दोन असल्यामुळे ट्रॅकच्या कलाकाराच्या रकान्यात गाणाऱ्या बुवांचे नाव लिहावे आणि ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळ्या ट्रॅकना एकच नाव द्यावे, म्हणजे बारी तुकड्यांत विखुरत नाही. अभंग, गवळण, गजर असा क्रम राखण्यासाठी ट्रॅक क्रमांक भरावेतच. पखवाजवादकाचे नाव, गाव आणि साल सीडीवर मार्करने लिहिलेले असेल तर ते टिपणीच्या रकान्यात उतरवावे आणि सीडीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.

तासाभराच्या शंभर सीडींना फ्लॅकमध्ये ३५ जीबीच्या आसपास जागा लागते, त्यामुळे दोन प्रती ठेवणे अवघड नाही. एक प्रत घरी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आणि दुसरी मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे असावी. मूळ सीडी टाकून देऊ नयेत. कोरड्या करून, उभ्या रचून, भिंतीला न टेकवता ठेवाव्यात.