रक्ताभिसरण शिकायचंय? आधी बाही वर करा

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. रक्ताभिसरण, श्वसन, मज्जासंस्था असे वेगवेगळे धडे पाठ करून परीक्षा निघते, पण शरीर कळत नाही. म्हणून माझ्या वर्गात आकृतीची पाळी नंतर येते, आधी स्वतःचा हात.

हात खाली सोडून मिनिटभर बसा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा फुगतील. एखादी ठळक, सरळ शीर निवडा. तिच्यावर मध्येच बारीक गाठीसारखा उंचवटा दिसला, तर तिथे बहुधा झडप असते. आता त्या गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, एका बोटाने शीर दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, गाठीच्या पलीकडपर्यंत, रक्त पुढे सारा आणि ते बोट उचला. गाठीच्या वर शीर भरलेली, खाली मात्र सपाट! वरचं रक्त झडप ओलांडून मागे येत नाही. आता खालचं बोट काढा, रिकामा भाग मनगटाकडून झर्रकन भरतो. (हातावर डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड असेल किंवा शिरेत गुठळी झाली असेल, तर हा प्रयोग करू नका.)

इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्त शरीरात फिरतं हे मांडताना हाच पुरावा दिला होता. सोबत हिशोबही होता: एका ठोक्याला हृदयातून अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरतं. मग तेच रक्त फिरून येत असणार! आजचे आकडे घ्या: ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळपास 5 लिटर. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, 1661 मध्ये, इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिबारीक वाहिन्या, पाहिल्या.

आता नाडी. अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर, तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते. बसून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. मग उभे राहा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा वाढतो. उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदी चेतातंतूंकडून ही खबर मेंदूच्या तळाशी पोचते. तिथून हुकूम सुटतो: ठोके वाढवा, वाहिन्या आवळा. हे सगळं काही सेकंदांत. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर भिंतीला टेकून करा.

बोटं तिथेच ठेवून सावकाश खोल श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित जलद, सोडताना संथ. तरुणांमध्ये हे जास्त स्पष्ट लागतं. श्वासासोबत व्हेगस या हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या मज्जातंतूचा लगाम सैल आणि घट्ट होत असतो. श्वसन, मज्जा, हृदय: तिन्ही धडे एका मनगटावर.

एवढं झालं की आकृती उघडा, बघा आणि मिटा. मघाच्या त्याच शिरेपासून सुरुवात करून रक्ताचा रस्ता न बघता लिहा: काख, ऊर्ध्व महाशीर (हृदयात वरून येणारी मोठी शीर), उजवी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा), उजवी जवनिका (खालचा कप्पा), फुप्फुसं, डावी कर्णिका, डावी जवनिका, महाधमनी आणि परत मनगट. प्रत्येक झडप कुठे लागते, ते वेगळ्या रंगाने दाखवा.