बऱ्याच वर्षांनी परत पोहायला जाताय? या चुका टाळा

पोहणं अंग विसरत नाही हे खरंय, पण दम विसरतो, आणि चाळिशीत परत पूलला जाणाऱ्यांचा घोळ नेमका इथेच होतो. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं असतं, काठावरून मुटके मारलेले असतात, त्यामुळे वाटतं आपल्याला तर येतंच की. मग ठाण्यात गडकरी रंगायतनजवळच्या मारोतराव शिंदे तरणतलावात नाहीतर आपल्या सोसायटीच्या पूलमध्ये पहिल्याच दिवशी दणादण फ्रीस्टाइल मारायची, 25 मीटरचा काठ येईस्तोवर छातीचा भाता, आणि काठ धरून एकच वाक्य, "स्टॅमिनाच गेला राव."

गेला असेलही, पण आधी श्वास बघा. बहुतेक जण पाण्यात तोंड गेलं की श्वास धरून ठेवतात, आणि तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्यापाऊण सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही, दोन्ही करायला बघतात, ते होत नाही. जीव घाबरा होतो तो बऱ्याचदा ऑक्सिजन संपला म्हणून नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. त्यामुळे पहिला आठवडा लॅप्सचा विचार सोडा. काठ धरून तोंड पाण्यात घाला, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहा, मान बाजूला वळवून श्वास घ्या, परत तोंड आत. कंटाळवाणं आहे, बाजूची पोरं हसतात, हसू दे. पोहताना दर दोन हातांनी एकदा श्वास घ्या. तीन हातांनी आलटून पालटून दोन्ही बाजूंना घ्यायचं ते व्हिडिओ बघून आत्ताच करू नका.

आणि हो, बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो ही कॉलेजातली पैज आता नको म्हणजे नकोच. त्याआधी भराभर मोठे श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटायची सूचनाच मिळत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो, चांगला पोहणारासुद्धा.

दुसरी चूक विहिरीतूनच आलेली असते, डोकं वर ठेवून पोहणं. विहिरीत समोर कोण उडी मारतंय ते बघायला लागायचं ना, पूलमध्ये त्याची गरज नाही. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग ते वर ठेवायला आपण जोरजोरात पाय मारतो, आणि मांड्यांचे स्नायू मोठे, सगळा दम तेच खाऊन टाकतात. नजर सरळ खाली, तळावरच्या रेषेवर ठेवा. खरंच हाच प्रॉब्लेम आहे का हे तपासायला सोपी युक्ती म्हणजे मांड्यांमध्ये पुलबॉय, म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा, धरून एक लॅप मारायचा. एकदम सोपं वाटलं, तर समजा तुमचा दम बरा आहे, गडबड पायांची आहे.

मग येतो वर्कआउट, आणि इथे आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक तर पाऊण तासाच्या बॅचमध्ये अर्धा तास काठाला गप्पा, नाहीतर न थांबता एकाच संथ स्पीडने ब्रेस्टस्ट्रोक. फिटनेस वाढवायचा असेल तर तुकडे पाडा. 200 मीटर आरामात, हवं तिथे थांबत. मग 8 वेळा 25 मीटर, मध्ये 20-30 सेकंद दम खायचा. मग 4 वेळा 50, मध्ये 40 सेकंद. शेवटी 100 अगदी सावकाश. झाले 700 मीटर, सुरुवातीला पुष्कळ आहेत. पहिल्या 25 ला 30 सेकंद लागले आणि आठव्याला 45, तर तुम्ही सुरुवात फार जोरात केलीत, पुढच्या वेळी पहिले चार मुद्दाम हळू मारा. आठही सारखे यायला लागले की स्पीड वाढवायच्या आधी विश्रांती थोडी कमी करा. आणि हे आठवड्यातून तीनदा, रविवारी एकदम दीड तास नव्हे.

घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांसाठी वेगळी सूचना, तुमचा पूल 25 मीटरचा असेलच असं नाही, बरेचसे तर वाकडेतिकडे, शोभेचे असतात. 40 लॅप मारले म्हणजे किलोमीटर झाला असं धरू नका, काठाकाठाने पावलं टाकून मोजा, नाहीतर सरळ मिनिटांवर पोहा.

खांद्याचं काय होतं, दिवसभर लॅपटॉपसमोर पुढे झुकलेले खांदे घेऊन आपण पाण्यात जातो, त्यात हात डोक्यासमोरून पलीकडे टाकतो. हात आपापल्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. दंड जड होणं ठीक, पण हात वर नेताना खांद्यात पुढून टोचलं तर त्या दिवशी थांबा, आणि हाताला लावायचे ते पॅडल पहिले काही महिने घेऊच नका. ब्रेस्टस्ट्रोकने गुडघा आतल्या बाजूने दुखत असेल तर बहुधा किक मारताना गुडघे जास्त फाकताय.

पूलला लागणारं मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे नुसती सही मारून आणायचा कागद समजू नका, चाळिशी ओलांडलीय किंवा बीपी-शुगर आहे तर खरंच तपासून घ्या. छातीत दडपण आलं, गरगरलं, की लगेच बाहेर आणि लाइफगार्डला सांगा, लाज कसली.

वजन का उतरत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा पूलच्या बाहेरच मिळतं. पोहून भूक सणकून लागते, आणि तिथून थेट मामलेदार मिसळ गाठली, वर जादा पाव घेतले, तर हिशोब तुम्हीच करा. निघण्याआधी एक केळं खा, नंतर घरी नीट नाश्ता. पाणी पण प्या, पाण्यात असलो तरी घाम येतो, फक्त कळत नाही.

गॉगलच्या आतल्या काचेला बोट लावू नका, धुकं न धरण्याचा थर निघून जातो. कानात बड घालू नका, डोकं वाकडं करून पाणी निथळू द्या, आणि कान दुखायला लागला तर त्यात गरम तेल सोडायच्या आधी ईएनटीला दाखवा.