"पाखाडीवरून पडले" असं ती म्हणाली, तर

गुहागरकडच्या माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, घसरलेल्या बायका येतातच. पण घसरलेल्या माणसाचे तळवे आणि गुडघे खरचटतात. गळ्यावर बोटांचे वळ किंवा जुन्या-नव्या जखमा एकत्र दिसल्या, की मी थांबते. घरात मारहाण होत असावी, अशी शंका येते.

डॉक्टरांनो, अशा वेळी आधी तिला एकटी करा. "तपासायचंय, बाहेर बसा" एवढं सासूला किंवा नवऱ्याला पुरतं. नवऱ्यासमोर हा विषय कधीही काढू नका. घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते. मग सरळ विचारा, "बाय, घरात कोणी मारतं का गो?" सांगितलं तर मध्ये बोलू नका. "यात तुझी चूक नाही" हे मात्र स्पष्ट म्हणा. "तू का सहन केलंस?" हे विचारूच नका.

गळा दाबला असेल तर वरून खूण नसली तरी धोका मोठा असतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, शुद्ध हरपली होती का, हे विचारून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा.

केसपेपरवर तिचेच शब्द लिहा, जखमेची जागा, माप, रंग, तारीख लिहा. पुढे कोर्टात हाच कागद उभा राहतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, वकील मोफत मिळतो, हे तिला सांगा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर देऊ नका, पाठ करून घ्या. पर्स घरी तपासली जाते. आज घरी जाणं सुरक्षित आहे का, हे विचारल्याशिवाय तिला सोडू नका. तक्रार करायची की नाही, ते तिला ठरवू द्या. पुढची तारीख "बीपी तपासायला" म्हणून द्या.