आंबे पिकवायला कुठलं सफरचंद ठेवायचं?

आंब्याच्या पेटीत सफरचंद ठेवलं की आंबे लवकर पिकतात, हे खरं आहे. पण कुठलंही सफरचंद चालत नाही.

पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो. फळाला पिकवणारा हार्मोन तोच. फळात आधी एसीसी नावाचं संयुग बनतं आणि त्याचं पुढे इथिलीन होतं. एसीसी बनवण्याचं काम एसीएस-१ या जनुकाकडे असतं. या जनुकाच्या एका प्रकारात, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात डीएनएचा जादा तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे वायू फार कमी बनतो. फुजी जातीच्या सफरचंदात जनुकाच्या दोन्ही प्रती याच प्रकारच्या. म्हणून फुजी टिकतं भरपूर, पण आंबे पिकवायला उपयोगाचं नाही. रेड डिलिशस घ्या.

तेही बघून घ्या. बेळगावात हापूस येतो एप्रिल-मेमध्ये, तर काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांची मुख्य तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे मेमधलं देशी सफरचंद शीतगृहातलं. त्याला १-एमसीपी, म्हणजे फळ टिकवण्यासाठी देतात तो वायू, दिलेला असेल, तर इथिलीनचा संदेश घेणारी जागाच अडलेली असते. फळ कडक राहतं आणि वायू जेमतेम सोडतं. करकरीत, बिनवासाचं नको. दाबल्यावर जरा मऊ लागणारं, गोड वासाचं हवं. नाही मिळालं तर पिकत आलेली दोन केळी ठेवा.

आंबे निब्बर असावेत, देठाजवळचे खांदे वर आलेले. बादलीभर पाण्यात सोडा. तरंगतील ते कोवळे, ते लोणच्याला. बाकीचे पुसून कोरडे करा. खोक्यात भाताच्या पिंजराचा चार बोटं थर, त्यावर आंबे, डझनाला दोन सफरचंदं, वर पुन्हा पिंजर आणि वर्तमानपत्र. खानापूरकडचं पिंजर मिळालं तर छानच, पण ते खडखडीत वाळलेलं हवं. दमट पिंजरात देठाकडून सड लागते.

प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका. इथिलीन बनायला प्राणवायू लागतो. कोंडलं की पिकणं अडतं आणि आंब्याला आंबूस वास येतो. रोज सकाळी खोकं उघडा. जागा २० ते २४ अंशांची उत्तम, म्हणून पत्र्याखाली नको. हिरवा आंबा फ्रिजमध्येही नको: गारठ्याने साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. कार्बाइडची पुडी तर मुळीच नको, त्यावर कायद्याने बंदी आहे.

दोन दिवसांनी सफरचंद काढा. तोवर आंब्याचं स्वतःचं इथिलीन सुरू झालेलं असतं. काढलेलं सफरचंद फ्रिजमध्ये मेथी-कोथिंबिरीशेजारी किंवा गाजराशेजारी मात्र ठेवू नका, पानं पिवळी पडतात आणि गाजर कडवट होतं.