'आसव' लिहायचं असेल तर

इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या घरी फडताळात द्राक्षासवाची बाटली असे. जेवणानंतर आजी दोन चमचे आसव, तेवढंच पाणी घालून द्यायची. गोड, तुरट, जिभेला जरा झोंबणारं. हा शब्द लिहिताना आधी ती चव आठवा.

शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला भेद ध्यानात ठेवा: औषधी न उकळता पाण्यात मुरवून आंबवलं की आसव, काढा करून आंबवलं की अरिष्ट. आंबायला धायटीची फुलं घालतात. पण मराठीत 'अरिष्ट' म्हणजे संकटही. कवितेत पेयासाठी ते घेऊ नका, वाचक दचकतो.

'दारू'ला पर्याय म्हणूनही आसव टाकू नका. गुत्त्यावर बसलेला माणूस आसव पीत नाही! भुंगा मात्र पितो, कारण फुलातला मधही आसवच. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात तारुण्याला 'अनासवाख्यं करणं मदस्य' म्हटलंय: आसव हे नाव नसलेलं, तरी धुंदी आणणारं. मला ही जागा फार प्रिय आहे. पेय समोर नाही, नुसत्या नकारातून त्याचा कैफ येतो.

'आठवणींचं आसव' चालेल, आठवणी मुरतात. 'बातम्यांचं आसव' नको.