खाडीसाठी, झाडांसाठी लढताना धमकी आली तर काय करायचं

रात्री खारफुटीत डेब्रिजचे डंपर रिकामे होतात, आपण फोटो काढून तक्रार टाकतो आणि दोन दिवसांनी फोन येतो, "मॅडम, तुमची मुलगी कुठल्या क्लासला जाते माहितीये आम्हाला." मला आला होता. मी घाबरून कॉल लॉगच उडवून टाकला. तुम्ही प्लीज हे करू नका.

आधी स्क्रीनशॉट, मेसेज डिलीट करायचा नाही, आणि समोरचा काय बोलला ते जसंच्या तसं, तारीख-वेळ टाकून लगेच वहीत लिहा, कारण चार दिवसांनी शब्द आठवत नाहीत. मग घरातलं एक, ग्रुपमधलं एक आणि एक वकील, तिघांना त्याच दिवशी सांगा. घरचे काळजी करतील म्हणून लपवू नका, मुलांना ने-आण करणाऱ्यालाही माहिती हवं.

पोलीस स्टेशनला एकटं जाऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. नुसत्या धमकीला बहुतेकदा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात, तीही घ्या, नंबर लिहून ठेवा, पुढे काही झालं तर हाच कागद कामी येतो. गंभीर मारहाण, शस्त्राने वार असा दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ ला ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथेच नोंदवायचा एफआयआर. कोणी अंगावर आलं तर ११२ या इमर्जन्सी नंबरवर फोन करा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक तक्रारीवर, प्रत्येक आरटीआय (माहिती अधिकार) अर्जावर एकाच माणसाचं नाव नको. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते, त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं, आणि १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. म्हणून दहा जणांच्या सह्या घ्या, कागदांचा एक सेट दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि मॉर्निंग वॉकची वेळ, रस्ता बदलत राहा.

अटकेचीही तयारी ठेवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली होती, त्यात विद्यार्थीही होते. अटकेचं कारण विचारा, ते सांगावंच लागतं, घरच्यांनाही कळवावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची नसते, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. वकिलाचा नंबर हातावर पेनाने लिहा, मोबाईल काढून घेतात.

आपल्याकडे पर्यावरण कार्यकर्त्यांसाठी वेगळा संरक्षण कायदा नाही, तो हवाच, त्यासाठी आमदार-खासदारांच्या मागे लागायला पाहिजे. तोपर्यंत जे आहे ते वापरा. केसमध्ये साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात मानवाधिकार रक्षकांसाठी वेगळा फोकल पॉइंट (संपर्क अधिकारी) आहे, आणि वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करून मोफत कायदेशीर मदत मागा. हे नंबर आजच ग्रुपवर पिन करून ठेवा.